सीडी हरवली तरी फोटो हरवत नाहीत

बंगळूरहून बोलते आहे.

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. जुना डिजिटल कॅमेरा संगणकाला जोडायचा, आणि तोही कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय. पण तुमच्या कपाटातही असा एखादा कॅमेरा पडून असेल, आणि त्याची सीडी घर बदलताना कधीच हरवली असेल. म्हणून आधी एक गोष्ट सांगते.

आमच्या इमारतीत बेळगावचे एक काका राहतात. गेल्या वर्षी ते एक कॅमेरा घेऊन आले. पेन्सिल सेलवर चालणारा, वीसेक वर्षांपूर्वीचा. काकू गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. दोघांच्या गोव्याच्या सहलीचे फोटो या कॅमेऱ्यात होते, आणि ते दुसरीकडे कुठेही नव्हते. मागच्या छोट्या पडद्यावर ते दिसत होते. काका म्हणाले, ‘‘बघ गं जरा, होतंय का. दुकानात म्हणतात, ड्रायव्हरची सीडी आणा, नाहीतर विसरा.’’

मी पहिल्यांदा सोपा उपाय केला. कार्ड काढलं आणि कार्ड रीडरमध्ये घातलं. कार्ड कोरं निघालं. मग लक्षात आलं, की हे फोटो कॅमेऱ्याच्या पोटातल्या मेमरीत आहेत. त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अशी थोडी अंतर्गत मेमरी असे. या कॅमेऱ्यात ती १६ एमबी होती. तिथपर्यंत पोचायला केबलशिवाय वाट नव्हती.

केबलचं एक टोक नेहमीचं यूएसबीचं, पण कॅमेऱ्याकडचं टोक भलत्याच आकाराचं. एस. पी. रोडवर, म्हणजे आमच्या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तीन दुकानं फिरल्यावर तशी केबल मिळाली. कंपनीच्या साइटवर जो ड्रायव्हर होता तो विंडोज ९८ आणि एक्सपीसाठीचा. आजच्या ६४ बिटच्या विंडोजने तो घ्यायला साफ नकार दिला. थोडक्यात, दुकानदार खोटं बोलत नव्हता. ड्रायव्हर खरंच मिळणार नव्हता. पण तो लागणारही नव्हता.

का लागणार नव्हता, ते समजून घेऊ.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ती घडवणाऱ्यांपैकी एक अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. या जोडणीतली कल्पना मोठी छान आहे. कोणतंही उपकरण जोडलं, की ते आधी आपली ओळख सांगतं: कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक आणि आपला वर्ग. ‘मी कीबोर्ड आहे’, ‘मी साठवणीची पेटी आहे’, ‘मी स्थिरचित्रांचा कॅमेरा आहे’. साठवणीच्या वर्गाचा क्रमांक ०८, स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याचा ०६. संगणकाला त्या वर्गाची भाषा येत असली, की मॉडेल कोणतं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं उरत नाही.

कॅमेऱ्यांना अशा दोन भाषा येतात. पहिली मास स्टोरेज. यात कॅमेरा कपाटाची किल्लीच संगणकाच्या हातात देतो. संगणकाला तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. विंडोज ९८ला यासाठीसुद्धा सीडी लागायची. विंडोज २०००पासून ती सोय आतच आली. दुसरी भाषा पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल. तिचं प्रमाण २००० साली ठरलं आणि पुढे ते आयएसओ १५७४० झालं. यात किल्ली मिळत नाही. वाचनालयात काउंटरवर चिठ्ठी द्यावी तसा संगणक विचारतो, ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ कॅमेरा यादी देतो. संगणक म्हणतो, ‘सातवा फोटो दे.’ कॅमेरा देतो. विंडोज एक्सपीपासून ही भाषा विंडोजला येते. मॅकला येते, लिनक्सलाही येते.

तुमचा अँड्रॉइड फोन केबलने जोडल्यावर जे ‘एमटीपी’ दिसतं, ते या पीटीपीचंच वाढवलेलं रूप आहे.

त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. लिनक्सवाल्यांसाठी तर बहुतेक कंपन्या सीडीसुद्धा देत नसत. मग जीफोटो नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी केबलमधून काय बोलणं चालतं ते टिपून एकेका कॅमेऱ्याची भाषा उलगडली. आज तो संच दोन हजारांहून अधिक कॅमेरे ओळखतो आणि फुकट आहे. आमच्या या शहरात २००१ पासून ‘लिनक्स बंगळूर’ नावाचं संमेलन भरायचं. २००५ मध्ये त्याचं नाव ‘फॉस डॉट इन’ झालं. अशी कामं हौसेने करणाऱ्यांचा तो मेळाच असे.

आता पुन्हा काकांच्या कॅमेऱ्याकडे. मी नवे सेल घातले आणि कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबीची सेटिंग शोधली. तिथे दोन पर्याय होते: ‘मास स्टोरेज’ आणि ‘पीटीपी’. मास स्टोरेजवर ठेवून जोडला, तर विंडोज म्हणालं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ काका शेजारीच बसले होते. त्यांचा हात माऊसकडे गेला. मी अक्षरशः ओरडले, ‘‘काका, नको!’’ त्या एका ‘हो’मध्ये सगळं गेलं असतं.

केबल काढली, सेटिंग पीटीपीवर नेली, पुन्हा जोडला. कॅमेरा दिसला, फोल्डर मात्र रिकामा. माझंच चुकलं होतं. कोरं कार्ड मी परत आत घातलं होतं, आणि कार्ड आत असलं की पुष्कळ कॅमेरे फक्त कार्डच दाखवतात. कार्ड काढलं. कॅमेरा पुन्हा जोडला. डीसीआयएम नावाचा फोल्डर आला, आणि त्यात चौदा फोटो.

हे डीसीआयएम नावसुद्धा कुणा एका कंपनीचं नाही. कॅमेऱ्यात फोटो कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायचे, याचा नियम जपानमधल्या उद्योगसंघटनेने १९९८ साली केला. म्हणून तुमचा कॅमेरा असो की फोन, फोटो त्याच नावाच्या फोल्डरात सापडतात.

काकांनी चौदाही फोटो हळूहळू पाहिले. एकात काकू समुद्राकडे पाठ करून हसत होत्या. काका म्हणाले, ‘‘हा मीच काढला होता. हात हलला बघ.’’ मी काही बोलले नाही. आधी दोन ठिकाणी प्रती केल्या.

तुम्हाला हे घरी करायचं असेल, तर क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, कार्ड असेल तर कार्ड रीडर वापरा. सगळ्यात सोपा मार्ग तोच. त्याआधी कार्डाच्या कडेची लॉकची खिटी असेल तर ती सरकवून ठेवा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही.

दुसरं, फोटो अंतर्गत मेमरीत असतील तर कार्ड काढा, सेल नवे घाला आणि मगच केबल जोडा.

तिसरं, मेनूत यूएसबीची सेटिंग बघा. एका पर्यायाने जमलं नाही तर दुसरा घ्या. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’मध्ये कॅमेरा शोधा, मॅकवर ‘इमेज कॅप्चर’ उघडा. तरीही अडलं, तर लिनक्स वापरणाऱ्या एखाद्या पोराला गाठा.

चौथं, ‘फॉरमॅट’ विचारलं तर उत्तर एकच: नाही. आणि ‘फुकट ड्रायव्हर’ देणाऱ्या अनोळखी साइटवरून काही उतरवू नका. फोटो राहतील बाजूला, संगणक हातचा जाईल.

पाचवं, फोटो ‘हलवू’ नका, ‘कॉपी’ करा. उघडून बघा. दोन ठिकाणी ठेवा. मगच कॅमेरा बंद करा.

आणि नवीन काही घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: हे तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय चालेल का? करोनाच्या काळात, २०२० साली, अनेकांनी महागडे कॅमेरे वेबकॅम म्हणून जोडायला घेतले, तेव्हा कंपन्यांना त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर काढावी लागली. व्हिडिओसाठी सर्वांचा असा वर्ग तेव्हाही यूएसबीत होता. साध्या वेबकॅमला तो येत होता, त्या महाग कॅमेऱ्यांना नव्हता. आता पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांत तो असतो.

कंपनी मॉडेल बंद करते, साइटवरचं पान काढून टाकते. त्यात तिचा फार दोष धरू नका; तिचा धंदा नव्या कॅमेऱ्यांचा आहे. आपले फोटो मात्र जुनेच असणार. ते सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या भाषेत ठेवलेले असले, तर वीस वर्षांनीही कुणीतरी ते बाहेर काढू शकेल.

तर या रविवारी कपाट उघडा, कॅमेरा बाहेर काढा. अडलात तर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि पडद्यावर काय दिसतंय ते कळवा. भेटू पुढच्या भागात.