जुन्या मोटारसायकलीचे पुढचे पाय



या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज जुन्या मोटारसायकलीच्या पुढच्या शॉकअपसंबंधी बोलणार आहो. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस आणि महागाई सोडून हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. गेली काही वर्षे आम्ही गॅरेजांतून काम करणाऱ्या पोरांची संघटना बांधण्याच्या खटपटीत आहो. ज्यांची संघटना बांधावयाची त्यांचे काम आपल्याला कळले पाहिजे, हा आमचा जुना नियम आहे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे थोडेफार यंत्रशास्त्र कळते ते फिटरांच्या शेजारी बसून आणि जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून मिळवलेले आहे.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने १९८३ पासून आपल्या देशात ‘राजदूत ३५०’ नावाची मोटारसायकल काढली. दोन सिलिंडर, ३४७ सी.सी., टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. पहिल्या प्रकारात शक्ती साडेतीस अश्वशक्ती, मागून आलेल्या प्रकारात सत्तावीस. त्या काळच्या आमच्या रस्त्यांवर ही गाडी म्हणजे विजेचा लोळ होता. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे आली ती ड्रमचा ब्रेक घेऊन. हे दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. परंतु हौशी मंडळींनी ती आजही जपली आहे. तिच्या इंजिनावर हजारो रुपये खर्च करणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या नळ्यांत तेल शेवटचे केव्हा बदलले, असे विचारले तर त्यांतले बहुतेक गप्प बसतात. आणि जीव तर त्या नळ्यांवरच टांगलेला असतो.

पुढच्या फोर्कला कामे तीन. एक, भार पेलणे. दोन, खड्डा असो की उंचवटा, चाक रस्त्याला चिकटून ठेवणे. तीन, ब्रेक मारताना आणि वळताना चाकाची दिशा ढळू न देणे. पुष्कळांना पहिलेच काम ठाऊक असते. वस्तुतः दुसरे सर्वांत महत्त्वाचे आहे. हवेत उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. तेव्हा शॉकअप हा बसणाऱ्याच्या पाठीच्या सुखासाठी असतो, ही समजूत आधी सोडली पाहिजे. तो टायरच्या पकडीसाठी असतो.

या नळीच्या आत काय असते? वरचा गुळगुळीत पाइप, त्यावर खालीवर सरकणारा बॉटम, आत एक लांब स्प्रिंग आणि तेल. पाइपाच्या खालच्या टोकाशी भोके पाडलेली एक दांडी. चाक वर आले की तेल त्या भोकांतून दाबून जाते आणि हालचालीला विरोध होतो. तेलाने धक्का जिरवणारा असा फोर्क बी.एम.डब्ल्यू.ने १९३५ साली आपल्या विक्रीच्या गाडीला बसवला, आणि तत्त्वतः तीच व्यवस्था राजदूतमध्ये आहे. स्प्रिंग शक्ती साठवते. तेल ती उष्णतेत जिरवते. तेल नसेल तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील.

आता सुधारणा करावयाची म्हणजे काय? आमचे म्हणणे असे की, सुधारणेची पहिली पायरी पैशाची नसून तपासणीची आहे. पाइप बाहेर काढून सपाट काचेवर लोळवावा. वाकलेला असेल तर तो डगमगतो आणि खालून उजेड दिसतो. क्रोमला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे ऑइल सीलही थोड्याच दिवसांत कापले जाईल. मग तेल गळून खाली ब्रेकपर्यंत उतरण्याची भीती. बॉटम आणि पाइप यांच्यातला प्ले पाहावा. मग स्टिअरिंगचा कोन सेट पाहावा. गाडी डबल स्टॅंडवर घेऊन पुढचे चाक उचलले आणि हॅंडल हळू फिरवले, तर मधोमध खाच लागल्यासारखे वाटते का? तसे वाटले तर छर्ऱ्यांनी वाटीत घर केले आहे. छर्ऱ्यांच्या जागी निमुळत्या रोलरचे बेअरिंग बसवणे ही अनेकांनी पारखलेली सुधारणा आहे. कारण भार ठिपक्यांवर न पडता रेघेवर पडतो. हे सगळे न पाहता नवी स्प्रिंग घालणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणे होय.

दुसरी पायरी स्प्रिंगची. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली सांगितलेला नियम असा की, स्प्रिंग जितकी दाबावी तितकाच तिचा जोर वाढतो. या एका वाक्यावर गॅरेजमधला मोठा गैरसमज दूर होतो. स्प्रिंग मऊ वाटली की वर वॉशर किंवा नळीचा तुकडा घालून ती आधीच दाबून ठेवावयाची, आणि स्प्रिंग कडक झाली असे गिऱ्हाइकाला सांगावयाचे, अशी रीत आहे. स्प्रिंग त्याने कडक होत नाही. गाडी फक्त थोडी वर उचलली जाते.

हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, आणि नळ्यांचा तिरकेपणा, घर्षण व आतली हवा तूर्त बाजूला ठेवू. समजा, पुढच्या दोन्ही स्प्रिंगांवर मिळून १०० किलोचा भार येतो आणि फोर्कची एकूण चाल ११० मिलिमीटर आहे. माणूस बसला की त्यातली सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे ३५ मिलिमीटर चाल खर्च व्हावी असा सर्वमान्य ठोकताळा आहे. एकेक स्प्रिंग मिलिमीटरला ०.६ किलोची असेल तर दोहोंची मिळून १.२. शंभर किलोंना ती ८३ मिलिमीटर दबते. बैठक ३५ हवी, तर ४८ मिलिमीटर आधीच दाबून ठेवावी लागेल. आता जोरात ब्रेक मारला आणि पुढचा भार १८० किलो झाला. स्प्रिंग १५० मिलिमीटर दबेल. त्यातले ४८ आधीचे वजा जाता १०२ मिलिमीटर चाल संपली, उरली आठ. त्याच क्षणी पुढे खड्डा आला तर धातूवर धातू आदळेल.

याऐवजी ०.८ किलोची स्प्रिंग घ्या. दोन्ही मिळून १.६. शंभर किलोंना ती साडेबासष्ट मिलिमीटर दबेल. म्हणजे आधी साडेसत्तावीसच दाबावी लागेल. ब्रेकच्या वेळी ती साडेबारा अधिक शंभर मिलिमीटर दबेल. त्यातून साडेसत्तावीस वजा जाता चाल संपते ८५. शिल्लक २५. माणूस बसल्यावर दोन्ही गाड्यांची उंची अगदी सारखी आहे. पण एकीच्या हाती खड्ड्यासाठी आठ मिलिमीटर आहेत, दुसरीच्या हाती पंचवीस. सुधारणा म्हणतात ती ही.

तिसरी पायरी तेलाची. येथेही एक सोपा उपाय प्रचलित आहे : शॉकअप मऊ झाला, घाला जाड तेल. परंतु भोकातून जाणाऱ्या तेलाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून गाडी ब्रेकने सावकाश खाली वाकते तेव्हा हा फोर्क फार ढिला वाटतो. आणि खड्ड्याची कड बसते तेव्हा तोच फोर्क दगड होतो व मनगटे बधिर करतो. तेल जाड केले तर पहिला दोष कमी होईल, दुसरा वाढेल. यावर उपाय निघाला आहे. दांडीची दाब झेलणारी भोके मोठी करून तेथील विरोध काढून टाकावयाचा आणि दांडीच्या माथ्यावर, मुख्य स्प्रिंगच्या खाली, छोट्या स्प्रिंगने बंद राहणारी एक झडप बसवावयाची. सावकाश हालचालीत झडप तेल अडवते. जोराचा धक्का आला की उघडून वाट देते. या झडपेला इम्युलेटर म्हणतात. ती जेवढी उंच असेल तेवढा वरचा नळीचा तुकडा कापावा लागतो. फोर्क परत उसळतानाचा वेग मात्र ती ठरवत नाही. तो तेलाच्या जाडीनेच जुळवावा लागतो.

तेल किती घातले हेही महत्त्वाचे. मापाने ओतण्यापेक्षा, स्प्रिंग बाहेर ठेवून फोर्क पुरता दाबावा आणि वरच्या काठापासून तेल किती खाली आहे ते दोन्ही नळ्यांत मोजावे. तेलावर कोंडलेली हवाही स्प्रिंगचेच काम करते. तेल फार भरले तर हवेला जागा राहत नाही, शेवटची चाल अकारण ताठ होते आणि सीलवर ताण येतो.

आता काही तरुण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? नव्या गाडीचा उलटा फोर्क, डिस्कसकट, आणून बसवू. दिसतोही झोकदार! त्यांना आमचे सांगणे असे की, हे काम अशक्य नाही, पण ते अखेरचे आहे. हातगाडीचे फिरते चाक आपल्या खिळ्याच्या मागे राहून ओढले जाते, म्हणून ते सरळ चालते. मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाचेही तसेच आहे. स्टिअरिंगच्या दांड्याची रेघ जमिनीला लागते ती टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे. हे अंतर म्हणजे ट्रेल. तेच गाडीला सरळ ठेवते. नवा फोर्क लांबीने आखूड असला की गाडीचे तोंड खाली येते, दांडा उभा होतो, ट्रेल घटतो. गाडी वळावयास चपळ वाटते खरी, पण वेगात हॅंडल थरथरू लागण्याचा धोका वाढतो. शिवाय प्रबळ डिस्कचा ताण जुन्या चौकटीला सोसावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमाने नोंदणीतील मूळ तपशिलापासून गाडी बदलण्यावर निर्बंध घातले आहेत, तेही विसरू नये.

येथवर लोखंडाचे झाले. आता माणसाचे. बाहेरून मागवलेली स्प्रिंग आणि झडप यांची किंमत गिऱ्हाईक न कुरकुरता देते. पण नळीची टोपी उघडणे, भोके मोजून पाडणे, कड घासून गुळगुळीत करणे, तेलाची पातळी मिलिमीटरने जुळवणे, अखेर अ‍ॅक्सलचा चिमटा आवळण्यापूर्वी फोर्क चार वेळा दाबून दोन्ही नळ्या समांतर बसवणे, या दिवसभराच्या मजुरीवर मात्र घासाघीस होते. एका गॅरेजात आम्ही पाहिले आहे, दाबलेल्या स्प्रिंगने शेवटच्या आट्याला टोपी उडाली आणि पोराची भुवई फुटली. त्या दिवशी त्याला चष्मा नव्हता, दवाखान्याचा खर्च कोणी दिला नाही, आणि दोन दिवसांची मजुरी मात्र कापली गेली. तेच काम गाडीचे वजन नीट उचलून, टोपीवर हाताचा दाब ठेवून, तोंड बाजूला घेऊन आणि डोळ्यांना चष्मा लावून केले असते तर निर्धोक झाले असते. पण ते शिकवावयास वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे द्यावयास कोणी तयार नसते.

घाईने काम उरकले तर काय होते, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. दोन नळ्यांत तेल कमीजास्त राहते, चिमटा वाकडा आवळला जातो, आणि पावसाळ्यात एखाद्या वळणावर गाडी सुटते. मग दोष रस्त्याला, दोष तरुणाच्या रक्ताला. कापलेल्या अर्ध्या तासाच्या मजुरीला कोणी दोष देत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना आमची विनंती एवढीच. क्रम पाळा : आधी तपासणी, मग सील आणि कोन सेट, मग आपल्या वजनाची स्प्रिंग, मग तेल व झडप, फोर्क बदलावयाचा विचार त्यानंतर. कारागिराला काय केले ते विचारा, मापे वहीत लिहून घ्या, आणि त्याच्या वेळाचे पैसे पुरते द्या. तुमची गाडी ज्या दोन नळ्यांवर उभी आहे त्या आतून त्यानेच पाहिलेल्या असतात. तुम्ही आम्ही नाही.