कुऱ्हाड कुणाच्या हातात?



रॉबर्ट बोल्टचं 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे नाटक १९६० साली लंडनात रंगभूमीवर आलं. राजा आठव्या हेन्रीला पहिली बायको टाकून दुसरी करायची होती. पोप आडवा आला, तर राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. थॉमस मोरनं १५३२ साली चॅन्सलरची खुर्ची सोडली, पुढं राजाची शपथही नाकारली. ६ जुलै १५३५ ला त्याचं मुंडकं उडवलं.

मोर मोठा, कबूल. पण मी गोदीतला कामगार. माझी नजर दुसऱ्याच माणसावर खिळली. बोल्ट त्याला नुसतं 'कॉमन मॅन' म्हणतो. तोच घरगडी, तोच नावाडी, तोच तुरुंगाचा पहारेकरी आणि शेवटी जल्लादही तोच. हुकूम राजाचा, कुऱ्हाड ह्याच्या हातात. कशापायी? पोटापायी.

त्याला भेकड म्हणणं सोपं आहे. खुद्द बोल्ट १९६१ साली अणुबाँबविरोधी आंदोलनात तुरुंगात गेला, आणि सिनेमाचं काम अडलं म्हणून सही करून बाहेर आला. नावाजलेल्या लेखकाची ही गत, तर हातावर पोट असलेल्यानं एकट्यानं काय करावं? एका नावाड्यानं 'नाही' म्हटलं तर दुसरा आणतील. सगळ्यांनी वल्ही खाली ठेवली, तर राजा थेम्सच्या काठावरच उभा राहील.

दोस्तहो, मोरचा विवेक एकट्याचा होता. आपल्याला तो एकट्यानं परवडत नाही. म्हणून संघटना.