चमकचा ताम्रपट कोण वाचणार?

अचलपूरजवळ चमक नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. भोजकट राज्यातलं, मधुनदीकाठचं चर्मांक गाव, म्हणजे आजचं चमक, राजानं १,००० ब्राह्मणांना दिलं. जमीन ८,००० भूमी. खरी मौज अटींत आहे. चंद्रसूर्य असेतोवर हे दान टिकेल. पण घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, इतर गावांना उपद्रव द्यायचा नाही. अटी मोडल्या तर राजा जमीन परत घेईल आणि त्याला चोरीचं पाप लागणार नाही! दान देतानाही राजा सावध होता.

आता हे वाचायला काय लागतं? अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेट्या असलेली ती लिपी यावी लागते, संस्कृत यावं लागतं. वाशीमला १९३९ साली मिळालेल्या ताम्रपटाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात वंशावळ संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. एकच भाषा शिकलेला माणूस अर्ध्यावर अडेल. याच ताम्रपटानं वाकाटकांची वत्सगुल्म शाखा उजेडात आली. म्हणून इतिहास, भाषा आणि पुरातत्त्व एकाच छपराखाली शिकवायला हवं, असं मी म्हणतो.

विदर्भाला हे नवं नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी मूळचे संस्कृतचे प्राध्यापक. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. वाकाटकांचे लेख त्यांनी संपादित केले, तो ग्रंथ १९६३ साली निघाला. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागानं तर हातात कुदळही घेतली. १९६९-७० साली पवनीचं उत्खनन केंद्रीय पुरातत्त्व खात्याबरोबर केलं. अमरावती-अकोल्याची महाविद्यालयं तेव्हा त्याच विद्यापीठात होती. अमरावतीचं वेगळं विद्यापीठ झालं ते १९८३ साली.

वऱ्हाडात खोदायला जागा कमी नाहीत. कौंडिण्यपूर साठच्या दशकात खणलं गेलं, चांदूर बाजार तालुक्यातली तुळजापूर गढी १९८४-८५ साली. बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींना विटांचा स्तूप मिळाला. ते भोन पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत आहे. पुण्याहून तिथं यायला एक रात्र मोडते. अकोल्याचा विद्यार्थी सकाळच्या गाडीनं निघाला तर दुपारी चर मोजून, खापरं टिपून संध्याकाळी घरी जेवायला येईल.