कालव्याच्या काठाने एकट्याने

पाथरीहून पैठणला जायला रस्ता आहे, एस.टी. आहे. मग कालव्याच्या भरावावरून सायकल हाकीत एकट्याने जाण्याचा खटाटोप कशाला, असे घरच्या मंडळींनी मला विचारले. तुम्हीही विचाराल. त्याचे उत्तर आधी देतो, मग तयारीचे सांगतो.

तीस वर्षे मी मुलांना फळ्यावर जायकवाडीचा डावा कालवा काढून दाखवला. पैठणच्या नाथसागरातून निघतो, गोदावरीच्या उत्तर अंगाने येतो, लांबी २०८ किलोमीटर; उजवा १३२ किलोमीटर. मुले पाठ करीत, मी गुण देई. पण पाथरीच्या वरचा कालवा मी स्वतः कधी पाहिला नव्हता. रब्बीच्या दिवसांत शेतकरी शाळेच्या ओट्याशी थांबून विचारीत, "गुरुजी, पाणी सुटलं म्हणतात, मग अडलं कुठं?" मी नकाशावर बोट ठेवी. बोटाखाली चाळीस मैल मुलूख झाकला जाई! पाळीत आधी शेवटच्या शेताला पाणी द्यावे आणि मग वर वर यावे, असे सिंचनाचे धोरण सांगते. ते पाणी वाटेत कसे वागते, हे आता निवृत्तीनंतर डोळ्यांनी पाहावे असे मनात आहे.

या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. गंमत अशी, की मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा होता. धरण पैठणला झाले, नाव मात्र त्या गावाचे राहिले.

आता सायकलीचे. सायकलवाल्याला कालव्यासारखी सपाट वाट दुसरी नाही. पाणी आपल्या वजनाने वाहायचे, म्हणून मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे वीतभर उतारही पुष्कळ होतो. चढ नाही की घाट नाही. त्याबद्दल वळणे मात्र सोसावी लागतात, कारण कालवा उंचवटा पाहून वळसा घालतो. म्हणून पाथरी ते पैठण मी सव्वाशे ते दीडशे किलोमीटर धरून चाललो आहे. मातीच्या वाटेवर ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर हिशेब धरू नये. तीन दिवस, दोन मुक्काम.

फ्रान्समध्ये कनाल द्यु मिदी नावाचा २४० किलोमीटरचा कालवा १६८१ साली खुला झाला. मालाच्या होड्या घोडे ओढीत नेत, त्यांच्यासाठी काठाने वाट ठेवलेली होती. आज त्या काठाने लोक हौसेने सायकली चालवतात. आपला कालवा होड्यांसाठी खोदलेला नाही, शेतासाठी आहे. काठची वाट तपासणीची, सरकारी. तेव्हा पहिले काम म्हणजे पाटबंधारे शाखेच्या कचेरीत जाऊन परवानगी मागणे आणि त्याच खेपेला विचारून घेणे: वाट कोणत्या काठाला आहे, कुठे खचली आहे, पूल कुठे आहेत, नाल्यावर कालवा जलसेतूने जातो तिथे सायकल निघते का. कागदावरच्या नकाशापेक्षा पाटकऱ्याचे एक वाक्य अधिक उपयोगी पडते.

दिवस कोणते निवडावेत? पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला अशी धरते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. उन्हाळ्यात परभणीच्या उन्हाबद्दल तुम्हांला मी काय सांगावे! म्हणून मार्गशीर्ष. तेव्हा वारा बहुधा पूर्वेकडून असतो, म्हणजे पैठणकडे जाताना पाठीशी. पण मला वाहता कालवा पाहायचा आहे, आणि पाणी माझ्या सोयीने सुटत नाही. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरपासून धरतात. धरणात किती साठा आहे ते पाहून कालवा सल्लागार समिती पाळ्या ठरवते. २०१५–१६ सारखे साल आले तर वाहता कालवा पाहण्याचा बेत कसला! शिवाय पैठणला दार उघडले म्हणजे पाथरीत लगेच पाणी दिसत नाही, ते यायला दिवस लागतात. त्यामुळे तारीख पक्की नाही. पाळीचे वर्तमान आले, की चार दिवस थांबून निघायचे, एवढेच ठरले आहे.

आता जे सांगतो ते शिक्षक बंधुभगिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. मी जाणार म्हटल्यावर शाळेतली चार मोठी मुले आली. "गुरुजी, आम्ही पण येतो." मी नाही म्हटले. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा हात धुवायला कालव्यात उतरला. त्याला पोहता येत होते. पण अस्तराचा उतार, त्यावर शेवाळ. पाय घसरला, की हाताला धरायला काही नाही. सोबतच्या मुलांनी धोतर सोडून टाकले, ते पुरले नाही. त्याची बाकावरची जागा वर्षभर मी कुणाला दिली नाही. तेव्हा पाणी भरायला, तोंड धुवायला, बाटली विसळायलासुद्धा काठाखाली उतरायचे नाही, हा माझा पहिला नियम. एकट्याला तर ओढून काढायलाही कुणी नसते. पिण्याचे पाणी पाच लिटर बरोबर, पुढचे गावातल्या नळाचे. कालव्यात शेतातली खते-औषधे उतरतात, ते पाणी पिऊ नये.

सामान थोडे. वेडी बाभूळ काठाने माजली आहे, म्हणून ठिगळे, सोल्युशन, कानस, पंप आणि दोन जादा ट्यूबा. मडगार्ड काढून ठेवणार, ओली माती अडकायला नको. धपाटे दोन दिवस टिकतात, वर शेंगदाण्याची चटणी. कांबळे एक, कारण मार्गशीर्षातली पहाट बोचते.

मुक्काम भरावावर नाही, गावात. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. वाट वाकडी झाली तरी एक रात्र तिथे काढायचा विचार आहे.

राहिली घरची अट. रोज संध्याकाळी सातच्या आत फोन, आणि त्यात जवळच्या गावाचे नाव. भरावावर कित्येक ठिकाणी फोन लागत नाही, असे मी म्हणताच उत्तर आले, "मग साडेसहालाच गाव गाठा." सात वाजून गेले, की पुतण्या मोटारसायकल घेऊन आदल्या मुक्कामापासून शोधत निघणार. कोणत्या काठाने येईन ते कागदावर लिहून त्याच्याजवळ दिले आहे, कारण चुकीच्या काठाने आला तर मधे पाणी आणि तो पलीकडे.

परतीची सोय अजून झालेली नाही. एस.टी.च्या टपावर सायकल चढेलच असा भरवसा धरून निघता येत नाही, म्हणून पैठणच्या आगारात आधी पत्र टाकले आहे. मागच्या चाकाची ट्यूब तेवढी बदलायची राहिली आहे.