हाताशी एक दिवस, गाठीशी चार हजार

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी ‘आमच्यातल्याच एकीचा अनुभव’ या सदरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालिकेने माझी ओळख करून देताना “स्कूबा डायव्हिंग शिकून आलेल्या” असं म्हटलं. ते आधी दुरुस्त करते. मी शिकून आलेले नाही, शिकता शिकता परत आलेली आहे. माझं प्रमाणपत्र अजून अर्धं आहे. तेव्हा आज तुम्ही एका नापास नाही, पण पासही नाही अशा बाईचं ऐकणार आहात. कोणाला उठून प्रसादाच्या रांगेत जायचं असेल तर अजून वेळ आहे.

मी सत्तेचाळीस वर्षांची. दांडिया बाजारात आमच्या चार पिढ्या गेल्या. एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिते. घरी आई आणि मी. आपण बडोदेकर. सुरसागरच्या पाळीवर बसून भेळ खाणं, एवढाच आपला पाण्याशी संबंध. पाच वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत मालवणला गेलो होतो. तिथे होडीत बसवलं, एका मुलाने पाठीमागून धरून मला पाण्याखाली नेलं, दहा-बारा मिनिटांनी वर काढलं आणि व्हिडिओ हातात ठेवला. ना काही विचारलं, ना धड काही समजावलं. भीतीने मी बहुतेक वेळ डोळे मिटूनच होते. पण एकदा उघडले, तेव्हा एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा माझ्या तोंडासमोर थांबून मला बघत होता. त्या माशाने माझी झोप उडवली. वाटलं, पुन्हा यायचं, पण असं पोत्यासारखं नाही. नीट शिकून यायचं.

आता पैसे. हा विषय आपल्यात थोडा आवाज खाली करून बोलतात. मी नेहमीच्या आवाजात बोलते, कारण आकडे माझा धंदाच आहे. आमच्या गल्लीतल्या भिशीचे आणि दिवाळीच्या बोनसचे मिळून चौदा महिन्यांत पन्नास हजार जमले. एक पैसा जास्त नाही. त्यात काय बसतं ते बघायला बसले.

अंदमानचं पाणी स्वच्छ, हॅवलॉक म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला प्रवाळ उत्तम. पण विमानभाड्यातच माझी अर्धी भिशी संपत होती. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो आणि जाणंही महाग. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट चांगलं, पण ते किनाऱ्यापासून बरंच आत आहे. समुद्र खवळला तर होडी जात नाही आणि माझ्याजवळ वाट बघायला दिवस नव्हते. राहिलं मालवण-तारकर्ली. तिथलं पाणी अंदमानसारखं नितळ नाही, कधी चार-पाच मीटरच्या पुढचं दिसत नाही. पण शिकायला आलेल्या माणसाला मास्तर दिसला की पुरे. शिवाय बडोद्याहून कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून एसटीने साधारण तीस किलोमीटरवर मालवण. भाषा आपली, जेवण आपलं, आणि एकट्या बाईला कोणाला काही विचारायला संकोच नाही.

माझा हिशेब असा होता. शिकवणीची फी अठ्ठावीस हजार. जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं बत्तीसशे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मी तयार बसले होते. न्याहारी-निवास योजनेतल्या एका घरात सहा रात्रींचे सहा हजार. जेवणखाण साडेतीन हजार. डॉक्टर आणि स्वतःचा मास्क चार हजार. एसटी, रिक्षा तेराशे. झाले शेहेचाळीस. उरलेले चार हजार वेगळ्या पाकिटात, त्याला हात लावायचा नाही.

मास्क स्वतःचा का, तर मला चष्मा आहे. नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. बाकी काही विकत घेऊ नका. टाकी, नळी, जाकीट सगळं फीमध्येच येतं. पावसाळ्यात तिथे सगळं बंद असतं; मी संक्रांत झाल्यावर, तेही सोमवार ते शुक्रवार असं गाठलं. शनिवार-रविवारी गर्दी आणि भाव दोन्ही चढे. एकट्या माणसाची एक अडचण मात्र आधीच सांगते. खोलीचं भाडं दोघांचं धरलेलं असतं आणि ते आपल्याला एकट्यालाच भरावं लागतं. घरमालकीणबाईंशी फोनवर बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, “एकटीच असाक तर कमी करतंय गो.” हे फोन केल्याशिवाय होत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करते. सहल एकटीची असते, बुडी एकटीची कधीच नसते. पाण्याखाली नेहमी जोडीदार लागतो. आईला हे समजावलं तेव्हा ती जरा निवांत झाली. वहिनी सुरतेहून आठ दिवस आईजवळ राहायला आली, म्हणून मी जाऊ शकले. हा खर्च वहीत कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यात मोठा तोच होता.

फी भरण्याआधी मी फोनवर पाच प्रश्न विचारले. मास्तरचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, क्रमांक काय? एका मास्तरमागे पाण्यात किती जण? होडीवर ऑक्सिजन असतो का? फीमध्ये प्रमाणपत्राचा खर्च, होडी आणि जीएसटी धरलंय का? आणि पाचवा, हवामानामुळे किंवा तब्येतीमुळे बुडी राहिली तर पैशाचं काय? एका ठिकाणी “ताई, एवढं कोणी विचारत नाही” असं उत्तर आलं. तिथली फी नऊ हजारांनी कमी होती. मी नमस्कार सांगून फोन ठेवला. दुसरीकडे त्यांनी पाचही उत्तरं लिहून पाठवली. तिथे गेले.

या शिकवणीसाठी दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. मी लालबागच्या तरणतलावावर चार महिने घालवले. शेजारच्या पट्ट्यात आठ वर्षांची पोरं मला मागे टाकून जात, जाऊ देत. तब्येतीचा एक फॉर्म असतो. दमा, रक्तदाब, हृदय, कानाची शस्त्रक्रिया असं सगळं विचारतात. तिथे खोटं लिहू नका. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांची सही आणावी लागली. त्यांनी तपासण्या केल्या, मगच दिली.

पहिले दोन दिवस तलावात गेले. पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. दुसरा नियम कानांचा. विमानात कान दडपतात तसंच, पण जास्त. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी. आणि खुणा! अंगठा वर केला की आपल्याकडे “मस्त”. पाण्याखाली त्याचा अर्थ “वर चला”. मी खुशीत अंगठा दाखवला आणि मास्तरने मला लगेच वर काढलं. असं दोनदा झालं.

बुधवारी समुद्रात दोन बुड्या झाल्या. मनगटावरचा लाल धागा खाली गेल्यावर तपकिरी-काळपट दिसायला लागला, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. वस्तूही जवळ आणि मोठ्या दिसतात. मी एका शिंपल्याला हात लावायला गेले, तो माझ्या अंदाजापेक्षा वीतभर लांब निघाला. ऐकू येत होता फक्त माझाच श्वास. सत्तेचाळीस वर्षांत तो मी एवढ्या शांतपणे कधी ऐकला नव्हता.

त्या रात्री नाक चोंदलं. गुरुवारी सकाळी होडीत बसले, कोणाला बोलले नाही. सगळ्यांना मागे का ठेवायचं, आणि खरं सांगायचं तर अठ्ठावीस हजार डोळ्यांसमोर होते. तीन मीटरवर उजव्या कानात सुई टोचल्यासारखं झालं. थोडं वर आले, फुंकलं, पुन्हा खाली, पुन्हा सुई. त्या क्षणी हिशेबनीस बाई डोक्यात बोलत होती, की अजून थोडं जोर लावून फुंक, एका बुडीचे किती रुपये होतात ठाऊक आहे ना? मी जोर लावणारच होते. मग हात आडवा धरून हलवला, कानाकडे बोट दाखवलं. मास्तरने अंगठा वर केला. या वेळी अर्थ मला बरोबर कळला.

होडीवर एकाने सांगितलं, नाकात फवारा मारा आणि जा. मास्तर म्हणाला, “नको. खाली असताना औषधाचा असर उतरला, तर वर येताना कान अडकतो.” आणि मला हळूच म्हणाला, “ताई, सकाळीच सांगायचं होतं.” ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

शुक्रवार मी आधीपासूनच मोकळा ठेवला होता. त्या दिवशीही कान उघडला नाही. घरमालकीणबाईंनी वाफ घ्यायला लावली, सोलकढी बंद केली, आणि मी ओटीवर बसून समुद्र बघत राहिले. शनिवारी गाडीत बसले. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास उड्डाण करायचं नसतं. म्हणजे मुक्कामाचा एक दिवस वाढतो. गाडीला तो खर्च नाही.

घरी आल्यावर आईला सांगताना मान खाली होती. म्हटलं, “पैसे घातले आणि पुरं झालं नाही.” आई म्हणाली, “तू आलीस ना? मग राहिलेलं करता येईल.”

आणि खरंच करता येतं. झालेला भाग बारा महिने धरला जातो. पाचव्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लेखी होतं, म्हणून उरलेल्या दोन बुड्यांसाठी मला फक्त होडीचे पैसे भरायचे आहेत. दुसऱ्या फेरीचा हिशेब बारा हजारांचा आहे. त्यातले चार त्या वेगळ्या पाकिटात आहेत, आठ भिशीतून येतील. आरक्षण उघडलं की नोव्हेंबरचं तिकीट काढणार.

थोड्या पैशांत जायचं तर काटकसर कुठे करायची? खोलीत करा, प्रवासात करा, जेवणात करा. मास्तरच्या बाबतीत, डॉक्टरच्या बाबतीत आणि मोकळ्या दिवसाच्या बाबतीत करू नका. पैसे भरलेत म्हणून खाली जायचं, हे कधीही नाही. ते पैसे खाली जाण्याचे नसतात, सुखरूप वर येण्याचे असतात.

इथे माझ्या वयाच्या, घरचं सगळं करून दमलेल्या बऱ्याच जणी बसल्या आहेत. कोणाला यायचं असेल तर लालबागच्या तलावावर सकाळी सहाला मी असते. आठ वर्षांची पोरं पुढे जातील, जाऊ देत.