टिळकांचं घर आणि आपला कायदा



रत्नागिरीत टिळक आळी आहे.
तिथलं एक कौलारू घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं.
23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळक इथेच जन्मले.

टिळक म्हटलं की आपल्याला ‘केसरी’ आठवतो.
पण वेदांचा काळ शोधणारे, ‘ओरायन’ लिहिणारे संशोधक टिळकही तेच.

आज हे घर राज्य संरक्षित स्मारक आहे.
पण घर संरक्षित होतं कसं?

त्यासाठी 1960 चा राज्याचा कायदा आहे.
आधी सरकार राजपत्रात आपला इरादा जाहीर करतं.
त्याची प्रत त्या वास्तूजवळ लावली जाते.
मग हरकतींसाठी दोन महिने मिळतात.
हरकतींचा विचार होतो.
त्यानंतरच अंतिम घोषणा.

पुन्हा सांगते : आधी इरादा, मग दोन महिने हरकती, मग घोषणा.

घर संरक्षित झालं, म्हणजे मालकी गेलीच असं नाही.
सरकार मालकाशी देखभालीचा करारही करू शकतं.

आणि कोकणात देखभाल म्हणजे पाऊस आलाच.
एक कौल सरकलं, की पाणी वाशात मुरतं.
लाकूड कुजतं, वाळवी लागते.
म्हणून कौलं मृगाआधीच चाळून घ्यायची.

टिळकांसारखेच अभ्यासक, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हेही रत्नागिरी जिल्ह्याचेच.
तुमच्या गावात अशा अभ्यासकाचं जुनं घर असेल,
तर पुरातत्त्व विभागाला जरूर लिहा.
जुने फोटो आणि घराचे कागद सोबत जोडा.