डिमॅट खात्याची राखण

शेअर बाजारात भाव पडला तर पैसा जातो, हे आपण धरूनच चालतो. पण आपण काही विकलेलंच नाही आणि शेअर मात्र खात्यातून नाहीसे झाले, तर?

2019 मध्ये हेच उघडकीला आलं. हैदराबादच्या कार्वी या मोठ्या ब्रोकर कंपनीने ग्राहकांचे शेअर परस्पर आपल्या खात्यात वळवले आणि ते तारण ठेवून स्वतःसाठी कर्ज उचललं. 22 नोव्हेंबरला बाजाराची नियामक संस्था सेबीने तिला नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. डिसेंबरच्या सुरुवातीला 80 हजारांहून जास्त ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले.

कार्वीला हे जमलं कसं? ब्रोकरला आपल्या वतीने शेअर हलवू देणाऱ्या मुखत्यारपत्रामुळे. खातं उघडताना एजंट जिथे जिथे फुली मारून देतो, तिथे आपण सह्या करत सुटतो. त्याच गठ्ठ्यात तेही असायचं. वाचतंय कोण!

1 सप्टेंबर 2020 पासून सेबीने ही वाट अडवली. मार्जिनसाठी, म्हणजे व्यवहाराच्या हमीसाठी, शेअर द्यायचे असले तरी ते तुमच्याच डिमॅट खात्यात राहतात. त्यांच्यावर फक्त तारणाची नोंद होते. तीसुद्धा डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून आलेल्या ओटीपीने तुम्ही मान्य केली तरच. पुढे मुखत्यारपत्राच्या जागी मोजक्या कामांपुरतं अधिकारपत्र आलं, आणि तेही देणं न देणं तुमच्या मर्जीवर. ब्रोकरांनी कुरकुर केली, मुदत मागितली. बैल गेला नि झोपा केला, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे, गोठ्यात बाकीचे बैल होतेच की! मोठमोठ्या दंडांच्या बातम्यांपेक्षा मला ही साधी व्यवस्था जास्त मोलाची वाटते. दंड चोरीनंतर होतो. इथे हातच पोचत नाही.

अर्थात भाव पडून झालेलं नुकसान सेबी भरून देत नाही, देऊही नये.

पण शेअरची राखण आपल्या हातात आहे. तेव्हा तारणाचा तो ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका, ब्रोकरच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसालाही नाही. व्यवहार झालेल्या महिन्याचं एकत्रित विवरण डिपॉझिटरीकडून येतं, ते उघडून आकडे जुळवा. जुळले नाहीत, तर आधी ब्रोकरला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तिथे 21 दिवसांत उत्तर देणं ब्रोकरला बंधनकारक आहे.